टोनी फोर्ड यांची कारकीर्द : इंग्लंडमधील खालच्या श्रेणीतील फुटबॉल व्यवसायाचा एक अभ्यास

सारांश :

इंग्लिश फुटबॉलविषयी आपल्याकडे होणारी चर्चा प्रामुख्याने प्रीमियर लीगमधील मोजक्या संघांपुरती आणि नामांकित खेळाडूंपुरती मर्यादित राहते. वास्तविक या खेळाचा डोलारा खालच्या श्रेणीतील क्लबांवर आणि तेथे उपजीविका करणाऱ्या शेकडो खेळाडूंवर उभा आहे. प्रस्तुत लेखात टोनी फोर्ड या मैदानाच्या उजव्या बाजूने खेळणाऱ्या मधल्या फळीतील खेळाडूच्या कारकिर्दीचा परामर्श घेतला आहे. १९७५ ते २००१ या काळात फोर्ड यांनी इंग्लिश लीगचे ९३१ सामने खेळले. गोलरक्षक वगळता अन्य कोणत्याही खेळाडूने एवढे लीग सामने खेळलेले नाहीत. तथापि, यांपैकी एकही सामना सर्वोच्च श्रेणीतील नव्हता. या विसंगतीच्या आधारे खालच्या श्रेणीतील फुटबॉल व्यवसायाचे स्वरूप, करारपद्धती, शारीरिक श्रम आणि गावाशी असलेले नाते यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : इंग्लिश फुटबॉल लीग, खालची श्रेणी, मध्यरक्षक, करारपद्धती, औद्योगिक शहरे.

प्रस्तावना :

क्रीडा क्षेत्रातील यशाचे मोजमाप सामान्यतः पदके, चषक, राष्ट्रीय संघातील निवड आणि मिळालेला पैसा या निकषांवर केले जाते. हे निकष चुकीचे नसले तरी अपुरे आहेत. कोणत्याही खेळात अत्युच्च स्थानी पोहोचणारे थोडे असतात; त्या खेळावर पोट भरणारे मात्र कितीतरी अधिक असतात. नाट्यव्यवसायात नायकाची भूमिका एकास मिळते, परंतु गावोगावचा प्रयोग उभा राहतो तो इतर नटांमुळे. फुटबॉलचेही तसेच आहे.

इंग्लंडमध्ये फुटबॉल हा शतकाहून अधिक काळ एक संघटित व्यवसाय आहे. त्यामुळे तेथील खालच्या श्रेणीतील खेळाडूकडे केवळ 'क्रीडापटू' म्हणून न पाहता 'कामगार' म्हणूनही पाहता येते. त्याची नेमणूक होते, त्याचा करार संपतो, त्याला दुसऱ्या गावी जावे लागते, वय वाढल्यावर त्याची उपयुक्तता तपासली जाते. टोनी फोर्ड यांच्या कारकिर्दीत या सर्व अवस्था क्रमाने आढळतात. म्हणून त्यांची कारकीर्द हा एक उपयुक्त नमुना ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) इंग्लिश लीगच्या श्रेणीरचनेची मराठी वाचकास ओळख करून देणे.
२) टोनी फोर्ड यांच्या कारकिर्दीचे टप्पे स्पष्ट करणे.
३) खालच्या श्रेणीतील खेळाडूच्या उपजीविकेवर परिणाम करणाऱ्या घटकांचा शोध घेणे.
४) क्रीडा क्षेत्रातील 'यश' या संकल्पनेचा पुनर्विचार करणे.

अभ्यास पद्धती व मर्यादा :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांवर भर दिला आहे. हा एका खेळाडूचा अभ्यास असल्याने त्यावरून सर्व खेळाडूंविषयी सरसकट विधान करणे उचित होणार नाही. किंबहुना फोर्ड हे अपवादात्मक उदाहरण आहे, ही गोष्ट सुरुवातीलाच नमूद करणे आवश्यक आहे.

१. इंग्लिश लीगची रचना :

विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये बारा क्लबांची 'फुटबॉल लीग' स्थापन झाली. पुढे क्लबांची संख्या वाढत गेली. १९२० मध्ये तृतीय श्रेणी सुरू झाली, १९२१ पासून तिचे उत्तर व दक्षिण असे दोन विभाग झाले आणि १९५८ मध्ये हे प्रादेशिक विभाग मोडून तृतीय व चतुर्थ अशा दोन राष्ट्रीय श्रेणी करण्यात आल्या. फोर्ड यांनी खेळण्यास सुरुवात केली तेव्हा चार श्रेणींत मिळून ९२ क्लब होते.

या रचनेचे वैशिष्ट्य म्हणजे वरच्या व खालच्या श्रेणींमधील दरवाजा सतत उघडा असतो. हंगामाअखेर वरचे स्थान मिळवणाऱ्या संघास बढती मिळते आणि तळाच्या संघाची पदावनती होते. त्यामुळे गुणतक्त्याच्या तळाशी चालणारी झुंजही विजेतेपदाच्या झुंजीइतकीच तीव्र असते. मात्र चतुर्थ श्रेणीच्या तळाचा दरवाजा दीर्घकाळ वेगळ्या पद्धतीने चालत असे. तळाच्या संघांना लीगमध्ये राहण्यासाठी अन्य क्लबांच्या मतदानाला सामोरे जावे लागे. १९७२ मध्ये बॅरो हा क्लब अशाच मतदानात बाहेर गेला आणि त्याच्या जागी हेरफर्ड युनायटेड आला. १९८७ पासून ही पद्धत बंद होऊन तळाच्या संघाची थेट पदावनती सुरू झाली.

१९९२ मध्ये सर्वोच्च श्रेणीतील क्लब वेगळे होऊन प्रीमियर लीगची स्थापना झाली. त्यामुळे पूर्वीची द्वितीय श्रेणी 'प्रथम', तृतीय श्रेणी 'द्वितीय' आणि चतुर्थ श्रेणी 'तृतीय' म्हणून ओळखली जाऊ लागली. २००४ मध्ये ही नावे पुन्हा बदलून चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशी झाली. वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून पुढील विवेचनात 'दुसरा स्तर', 'तिसरा स्तर' व 'चौथा स्तर' असे शब्द वापरले आहेत.

२. खेळाडूचा करार आणि त्याचा इतिहास :

फोर्ड यांच्या कारकिर्दीचा अर्थ लावण्यापूर्वी खेळाडू व क्लब यांच्यातील कायदेशीर संबंध समजून घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या पद्धतीनुसार करार संपला तरी क्लबच्या संमतीशिवाय खेळाडूला अन्यत्र जाता येत नसे. क्लब त्याला 'राखून' ठेवू शके. याच्या जोडीला १९०१ पासून वेतनावर कमाल मर्यादा होती. आरंभी ती आठवड्याला चार पौंड होती. खेळाडू संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा उठली, तेव्हा ती वीस पौंड होती.

राखून ठेवण्याच्या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिले ते जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने. न्यूकॅसल युनायटेडविरुद्धच्या या खटल्यात १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन असल्याचा निर्णय दिला. पुढे १९७८ मध्ये करार संपलेल्या खेळाडूस क्लब बदलण्याची मुभा मिळाली. भरपाईच्या रकमेवर एकमत न झाल्यास ती लवाद ठरवीत असे. डिसेंबर १९९५ मधील युरोपीय न्यायालयाच्या बोसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूसाठी अशी रक्कम मागण्याची पद्धतच मोडीत निघाली. हा निकाल एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या खेळाडूंसंबंधी होता. इंग्लंडमधील अंतर्गत बदलांना चोवीस वर्षांवरील खेळाडूंसाठी हे तत्त्व १९९८ पासून लागू झाले.

हे स्वातंत्र्य दुधारी ठरले. वरच्या श्रेणीतील खेळाडूला त्यामुळे आपली किंमत स्वतः ठरवता आली. खालच्या श्रेणीतील खेळाडूला मात्र दरवर्षी मे महिन्यात क्लबच्या कायम ठेवलेल्या व मुक्त केलेल्या खेळाडूंच्या यादीत आपले नाव कोठे आहे, याची चिंता करावी लागे. एक किंवा दोन वर्षांचा करार, त्यातही दुखापतीची टांगती तलवार, हे त्याच्या आयुष्याचे नेहमीचे स्वरूप होते. फोर्ड यांनी कारकीर्द सुरू केली ती जुन्या पद्धतीच्या अखेरच्या वर्षांत आणि संपवली ती बोसमनोत्तर काळात. त्यांच्या सव्वीस वर्षांत ही सर्व स्थित्यंतरे सामावलेली आहेत.

३. ग्रिम्सबी : बंदर, मासेमारी आणि मैदान :

टोनी फोर्ड यांचा जन्म १४ मे १९५९ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रिम्सबी येथे झाला. उत्तर समुद्र व आइसलँडलगतच्या पाण्यात जाणाऱ्या ट्रॉलरांमुळे हे गाव जगातील अग्रगण्य मासेमारी बंदरांपैकी एक म्हणून प्रसिद्ध होते. गावातील क्लबला 'मरिनर्स' म्हणजे 'दर्यावर्दी' असेच टोपणनाव आहे. क्लबचे ब्लंडेल पार्क हे मैदान वस्तुतः शेजारच्या क्लीथॉर्प्स गावात, समुद्राच्या काठी आहे.

ऑक्टोबर १९७५ मध्ये, वयाची सोळा वर्षे पूर्ण करून काही महिनेच झाले असताना, फोर्ड यांनी ग्रिम्सबी टाउनकडून पहिला लीग सामना खेळला. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या १५ तारखेस आइसलँडने आपली मासेमारीची हद्द दोनशे सागरी मैलांपर्यंत वाढवली. त्यातून उद्भवलेला 'कॉड युद्ध' नावाने ओळखला जाणारा संघर्ष जून १९७६ मध्ये संपला आणि त्यानंतर ब्रिटिश ट्रॉलरांना ते पाणी बंद झाले. ग्रिम्सबीच्या दूरच्या पाण्यातील मासेमारीचा कणाच त्यामुळे मोडला. तेव्हाचे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड हे ग्रिम्सबीचेच खासदार होते. एप्रिल १९७६ मध्ये त्यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांना ब्लंडेल पार्कवर गिलिंगहॅमविरुद्धचा सामना पाहण्यास नेले होते. तिसऱ्या स्तरावरील एका क्लबचे मैदान आणि आंतरराष्ट्रीय राजकारण यांची अशी गाठ क्वचितच पडते.

गावाचा मुख्य धंदा बुडत असताना गावाचा संघ मात्र वर चढत होता. १९७७ मध्ये चौथ्या स्तरावर घसरलेल्या ग्रिम्सबीने १९७९ मध्ये तेथे दुसरे स्थान मिळवून बढती घेतली आणि १९८० मध्ये तिसऱ्या स्तराचे विजेतेपद पटकावून दुसऱ्या स्तरावर प्रवेश केला. या चढत्या काळात गावातच जन्मलेला हा तरुण उजव्या बाजूने चेंडू घेऊन धावत होता. ज्या प्रेक्षकांच्या घरात बेकारी आली होती, त्यांच्यासाठी शनिवारची दुपार हा केवळ विरंगुळा नव्हता. गाव अजून हिशेबात आहे याची ती खूण होती. १९८६ पर्यंत फोर्ड यांनी ग्रिम्सबीकडून ३५५ लीग सामने खेळले. अनेक खेळाडूंच्या आयुष्यभराच्या सामन्यांची बेरीजही एवढी होत नाही.

४. मधली वर्षे : सर्वोच्च श्रेणीच्या उंबरठ्यावर :

१९८६ मध्ये फोर्ड यांना काही काळ संडरलंडकडे उसनवारीने पाठवण्यात आले. 'उसनवारी' म्हणजे खेळाडूचा करार मूळ क्लबकडेच ठेवून ठरावीक मुदतीसाठी त्याची सेवा दुसऱ्या क्लबला देणे. संडरलंडकडून नऊ सामने खेळल्यानंतर त्याच वर्षी ते स्टोक सिटी या क्लबमध्ये दाखल झाले. स्टोक हे चिनीमातीच्या भांड्यांच्या उद्योगाचे शहर. तेथे त्यांनी ११२ लीग सामने खेळले. मार्च १९८९ मध्ये ते वेस्ट ब्रॉमिच अल्बियनकडे गेले आणि तेथे ११४ सामने खेळले.

संडरलंड, स्टोक व वेस्ट ब्रॉमिच या तिन्ही क्लबांना सर्वोच्च श्रेणीचा मोठा वारसा आहे. तथापि फोर्ड तेथे होते त्या काळात यांपैकी एकही क्लब सर्वोच्च श्रेणीत नव्हता. स्टोक १९८५ मध्ये तेथून खाली आला होता. वेस्ट ब्रॉमिचची तर १९९१ मध्ये इतिहासात प्रथमच तिसऱ्या स्तरावर घसरण झाली. म्हणजे फोर्ड यांचे कौशल्य कमी पडले एवढेच कारण सर्वोच्च श्रेणी न मिळण्यास पुरेसे नाही. खेळाडू कोणत्या क्लबमध्ये कोणत्या वर्षी असतो, यावर त्याची उंची पुष्कळ अंशी ठरते. १९८९ मध्ये इंग्लंडच्या 'ब' संघात त्यांची निवड झाली होती, यावरून त्यांची गुणवत्ता निवडकर्त्यांच्या नजरेत होती हे स्पष्ट होते.

५. उत्तरार्ध : परतणे, घसरण आणि नवी भूमिका :

१९९१ च्या अखेरीस फोर्ड पुन्हा ग्रिम्सबीला परतले. तेव्हा क्लब दुसऱ्या स्तरावर होता. या दुसऱ्या कालखंडात त्यांनी ६८ लीग सामने खेळले; मध्यंतरी १९९३ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीकडे उसनवारीने पाच सामने खेळले. १९९४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्यांनी जवळच्याच स्कंथॉर्प युनायटेड या चौथ्या स्तरावरील क्लबची वाट धरली. पोलाद कारखान्यांच्या या शहरात ते ७६ सामने खेळले.

१९९६ मध्ये त्यांचा लीगमधील प्रवास संपल्यासारखा झाला. ते बॅरो या, तेव्हा लीगबाहेर असलेल्या क्लबकडे गेले. बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत ही उतरण कायमची असते. फोर्ड मात्र त्याच वर्षी मॅन्सफील्ड टाउनमध्ये दाखल होऊन लीगमध्ये परतले. तेथे व्यवस्थापक स्टीव्ह पार्किन यांचे साहाय्यक म्हणून प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळत त्यांनी १०३ सामने खेळले. १९९९ मध्ये पार्किन रॉचडेलला गेले तेव्हा फोर्डही त्यांच्यासोबत गेले आणि तेथे आणखी ८९ सामने खेळले. रॉचडेल म्हणजे १८४४ मध्ये विणकर व कारागिरांनी स्थापलेल्या ग्राहक सहकारी भांडारामुळे सहकाराच्या इतिहासात अजरामर झालेले गाव. सहकारी चळवळीच्या महाराष्ट्रातील अभ्यासकांना ते परिचित आहेच. तेथील फुटबॉल क्लब मात्र १९७४ ते २०१० अशी सलग छत्तीस वर्षे लीगच्या सर्वांत खालच्या स्तरावर राहिला.

नोव्हेंबर २००१ मध्ये पार्किन यांनी बार्न्सलीचे व्यवस्थापकपद स्वीकारले. फोर्डही साहाय्यक म्हणून त्यांच्याबरोबर गेले आणि त्यांचे खेळणे थांबले. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस वर्षांचे होते.

या टप्प्यांचा सामन्यांच्या संख्येनुसार गोषवारा पुढीलप्रमाणे देता येईल :

ग्रिम्सबी टाउन (१९७५–८६) : ३५५
संडरलंड (१९८६, उसनवारी) : ९
स्टोक सिटी (१९८६–८९) : ११२
वेस्ट ब्रॉमिच अल्बियन (१९८९–९१) : ११४
ग्रिम्सबी टाउन (१९९१–९४) : ६८
ब्रॅडफर्ड सिटी (१९९३, उसनवारी) : ५
स्कंथॉर्प युनायटेड (१९९४–९६) : ७६
मॅन्सफील्ड टाउन (१९९६–९९) : १०३
रॉचडेल (१९९९–२००१) : ८९
एकूण लीग सामने : ९३१

६. आकडेवारीचा अर्थ :

तिसऱ्या व चौथ्या स्तरावर चोवीस संघ असतात आणि प्रत्येक संघ हंगामात ४६ सामने खेळतो. या हिशेबाने ९३१ सामने म्हणजे एकही सामना न चुकवता खेळलेले वीस पूर्ण हंगाम आणि त्यावर आणखी अकरा सामने. प्रत्यक्षात ते १९७५–७६ ते २००१–०२ अशा सत्तावीस हंगामांत विभागलेले आहेत. म्हणजे प्रतिहंगाम सरासरी चौतीसहून अधिक लीग सामने पडतात. यात चषक स्पर्धांचे सामने धरलेले नाहीत. बॅरोकडून खेळलेले लीगबाहेरचे सामनेही या बेरजेत येत नाहीत.

यापूर्वीचा ८२४ सामन्यांचा विक्रम साउदॅम्प्टन व हेरफर्डकडून खेळलेल्या टेरी पेन यांच्या नावावर होता. पेन हे १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लिश चमूतील खेळाडू होते. फोर्ड यांनी मॅन्सफील्डमध्ये असताना हा विक्रम मागे टाकला. पुढे रॉचडेलमध्ये असताना सर्व स्पर्धा मिळून एक हजार सामन्यांचा टप्पाही त्यांनी ओलांडला. एकूण लीग सामन्यांत त्यांच्या पुढे केवळ पीटर शिल्टन (१,००५ सामने) आहेत. परंतु शिल्टन हे गोलरक्षक होते. गोलरक्षकाचे काम सोपे असते असे नव्हे. तथापि मधल्या फळीतील खेळाडूस एका सामन्यात सुमारे दहा किलोमीटर धावावे लागते. त्यात वेगाने घेतलेल्या झेपा, वळणे, धडका आणि जमिनीवर पडणे हे सर्व येते. हे श्रम बेचाळीस वर्षांपर्यंत करणे, तेही त्या काळातील चिखलाच्या मैदानांवर आणि मर्यादित वैद्यकीय सुविधांच्या साहाय्याने, ही असाधारण गोष्ट होय. या सेवेबद्दल फोर्ड यांना 'एम.बी.ई.' हा ब्रिटिश सन्मान प्रदान करण्यात आला.

७. स्थानबदल : टिकून राहण्याची कला :

फोर्ड यांच्या दीर्घ कारकिर्दीचे एक महत्त्वाचे कारण त्यांच्या बदलत गेलेल्या भूमिकेत आढळते. तारुण्यात ते उजव्या कडेने धावणारे 'विंगर' होते. या जागेवरील खेळाडूचे मुख्य भांडवल वेग हे असते. इंग्लंडमध्ये तेव्हा चार बचावपटू, चार मध्यरक्षक व दोन आघाडीवीर ही रचना प्रचलित होती. तीत कडेच्या खेळाडूला केवळ पुढे धावून भागत नसे. चेंडू गमावल्यावर मागे येऊन आपल्या बाजूच्या बचावपटूला साथ द्यावी लागे. म्हणजे तो एकाच वेळी आक्रमकही असे आणि राखणदारही.

वय वाढू लागले तसा वेग कमी होणे अपरिहार्य होते. अशा वेळी फोर्ड हळूहळू मागे सरकत गेले आणि उत्तरार्धात उजवे बचावपटू म्हणूनही खेळले. जिथे प्रतिस्पर्ध्यापेक्षा जलद धावणे अशक्य होते, तिथे चेंडू कोठे येणार याचा आधीच अंदाज घेऊन उभे राहणे शक्य होते. वेगाची उणीव त्यांनी अनुभवाने भरून काढली. खालच्या श्रेणीतील व्यवस्थापकाकडे खेळाडूंचा ताफा लहान असतो. त्यामुळे दोन-तीन जागा सांभाळू शकणारा, सरावाला वेळेवर येणारा आणि तरुणांना सांभाळून घेणारा खेळाडू त्याला हवाच असतो. मॅन्सफील्ड व रॉचडेल येथे फोर्ड यांना खेळाडू व प्रशिक्षक अशी दुहेरी भूमिका मिळाली, ती याच कारणाने.

८. वर्णभेदाची पार्श्वभूमी :

फोर्ड हे कृष्णवर्णीय खेळाडू आहेत, ही बाब त्यांच्या काळाच्या संदर्भात दुर्लक्षित करता येत नाही. १९७५ मध्ये लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू अगदीच थोडे होते. इंग्लंडच्या मुख्य पुरुष संघाकडून खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू विव अँडरसन यांना ती संधी नोव्हेंबर १९७८ मध्ये मिळाली. सत्तर व ऐंशीच्या दशकांत प्रेक्षकांकडून सामूहिक वर्णद्वेषी घोषणा देणे आणि मैदानात केळी फेकणे हे प्रकार अनेक मैदानांवर घडत. सामन्याच्या वेळी सामूहिक वर्णद्वेषी घोषणा देणे हा कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरला तो १९९१ मध्ये. आणि फुटबॉलमधील वर्णद्वेषाविरुद्धची संघटित मोहीम १९९३ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत फोर्ड यांची अठरा वर्षे खेळून झाली होती. कडेने खेळणारा खेळाडू प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ असतो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

९. क्लबांचे भवितव्य आणि खेळाडूचे भवितव्य :

खालच्या श्रेणीतील खेळाडूचे जीवन त्याच्या क्लबच्या स्थैर्यावर अवलंबून असते आणि हे स्थैर्य किती तकलादू आहे, याचा प्रत्यय फोर्ड यांच्या क्लबांच्या इतिहासावरून येतो. बॅरो १९७२ मध्ये लीगबाहेर गेला व २०२० मध्ये परतला. मॅन्सफील्ड २००८ ते २०१३ या काळात बाहेर होता. ग्रिम्सबी २०१० मध्ये बाहेर पडला, २०१६ मध्ये परतला, २०२१ मध्ये पुन्हा बाहेर गेला व २०२२ मध्ये परत आला. स्कंथॉर्प २०२२ मध्ये आणि रॉचडेल २०२३ मध्ये लीगबाहेर गेले. म्हणजे कारकिर्दीच्या दोन्ही टोकांना फोर्ड ज्या पाच लहान क्लबांत होते, त्या पाचही क्लबांना कधी ना कधी हा अनुभव आला.

आर्थिक बाजूही तितकीच अस्थिर होती. फुटबॉल लीगने २००१ पासूनच्या तीन हंगामांसाठी 'आयटीव्ही डिजिटल' या दूरचित्रवाणी कंपनीशी ३१.५ कोटी पौंडांचा करार केला होता. २००२ मध्ये ही कंपनी कोसळली. येणाऱ्या रकमेच्या भरवशावर खर्च केलेले अनेक क्लब अडचणीत आले आणि मोठ्या संख्येने खेळाडूंना करारमुक्त करण्यात आले. फोर्ड यांनी खेळणे थांबवून तेव्हा काही महिनेच झाले होते. २०१९ मध्ये तर १८९४ पासून लीगमध्ये असलेल्या बरी या क्लबची आर्थिक कारणांवरून हकालपट्टी झाली. अशा घटनांनंतर झालेल्या विचारमंथनातून २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉल प्रशासनविषयक कायदा संमत करून वरच्या पाच स्तरांसाठी स्वतंत्र नियामकाची तरतूद केली.

शरीराची किंमत हा आणखी एक पैलू होय. ग्लासगो विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाशी संबंधित आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सामान्य लोकांच्या तुलनेत सुमारे साडेतीन पट आढळले. गोलरक्षकांचा अपवाद वगळता हा धोका मैदानावरील सर्व स्थानांवरील खेळाडूंना असल्याचे त्यानंतरच्या अभ्यासातून पुढे आले. वरच्या श्रेणीतील धनवान खेळाडूस उतारवयातील उपचारांची तरतूद करता येते. खालच्या श्रेणीतील खेळाडूस ती सहज शक्य नसते.

या प्रश्नांचा महाराष्ट्राशीही एक प्रत्यक्ष धागा आहे. १८८८ च्या संस्थापक क्लबांपैकी एक असलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने विकत घेतला. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब २०१२ मध्ये दुसऱ्या व २०१७ मध्ये तिसऱ्या स्तरावर घसरला आणि २०१८ मध्ये दुसऱ्या स्तरावर परतला. म्हणजे लँकेशायरमधील एका गिरणगावाच्या शनिवारचा संबंध पुण्यातील निर्णयांशी जोडला गेला आहे. खालच्या श्रेणीचा अभ्यास आपल्याला परका नाही, याचे हे निदर्शक होय.

निष्कर्ष :

१) फोर्ड यांच्या ९३१ सामन्यांपैकी एकही सर्वोच्च श्रेणीतील नसणे हे केवळ व्यक्तिगत मर्यादेचे लक्षण नसून क्लबांची तत्कालीन स्थिती आणि योगायोग यांचाही तो परिणाम आहे.

२) दीर्घकाळ टिकण्यासाठी प्रतिभेइतकीच भूमिका बदलण्याची तयारी आवश्यक असते. विंगर, मध्यरक्षक, बचावपटू आणि प्रशिक्षक हा फोर्ड यांचा प्रवास त्याचे उदाहरण आहे.

३) कायद्याने खेळाडूला दिलेले करारस्वातंत्र्य वरच्या व खालच्या श्रेणींत सारखे फलदायी ठरले नाही. एकाला त्याने संपत्ती दिली, दुसऱ्याला अनिश्चितता.

४) ग्रिम्सबी, स्कंथॉर्प, मॅन्सफील्ड, रॉचडेल यांसारख्या उद्योग मंदावलेल्या गावांत क्लब हा सामूहिक अस्मितेचा आधार आहे. त्यामुळे तो बंद पडणे हे एखादी कंपनी बंद पडण्याहून वेगळे ठरते.

५) फोर्ड यांची कारकीर्द अपवादात्मक आहे. त्यांच्याबरोबर सोळाव्या वर्षी मैदानात उतरलेल्या बहुसंख्य मुलांना अशी संधी मिळाली नाही. त्यांच्या यशावरून या व्यवसायाच्या सुरक्षिततेचा निष्कर्ष काढणे म्हणजे वादळातून परतलेल्या एका होडीवरून समुद्र शांत असल्याचे मानण्यासारखे होईल.

समारोप :

ऑगस्ट २०२५ मध्ये चौथ्या स्तरावरील ग्रिम्सबी टाउनने ब्लंडेल पार्कवर मँचेस्टर युनायटेडला लीग कप स्पर्धेत पेनल्टी किकवर १२–११ असे पराभूत केले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी या गावाची दखल घेतली. अशी एखादी रात्र उगवण्यासाठी त्यापूर्वीच्या हजारो साध्या शनिवारी कोणीतरी ते मैदान जिवंत ठेवलेले असते. टोनी फोर्ड यांनी हे काम सव्वीस वर्षे केले. आपल्याकडेही फुटबॉल, कबड्डी, कुस्ती अशा खेळांत जिल्हा व राज्य पातळीवर वर्षानुवर्षे खेळणारे, परंतु कोणत्याही यादीत न येणारे अनेक खेळाडू आहेत. त्यांच्या सामन्यांची साधी नोंदही अनेकदा ठेवली जात नाही. फोर्ड यांचे ९३१ सामने आज मोजता येतात, कारण प्रत्येक शनिवारी कोणीतरी संघाची नावे लिहून ठेवली होती. आपल्या क्रीडासंस्थांनी आणि महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी किमान एवढी सुरुवात केली, तरी भावी अभ्यासकांना साधनसामग्री मिळेल आणि त्या खेळाडूंच्या श्रमांना न्याय मिळेल.